बेरी बुडालं, ब्लॅकबर्न लटकलंय आणि पैसा वरच्या वरच फिरतोय

१८ मे २०१९ ला वेम्बलीवर मॅन्चेस्टर सिटीने वॉटफर्डला ६-० असं धुतलं आणि एफए कप, म्हणजे इंग्लंडची सगळ्यात जुनी कप स्पर्धा, जिंकला. फायनलमधल्या सगळ्यात मोठ्या विजयाच्या विक्रमाशी त्या दिवशी बरोबरी झाली, आणि तो विक्रम त्याआधी ११६ वर्षं बेरी नावाच्या क्लबकडे होता. १९०३ साली बेरीने डर्बी काउंटीला असंच ६-० हरवून कप घरी नेला होता. बेरी कुठे आहे तर मॅन्चेस्टरच्या उत्तरेला, शहरातून ट्रामने जाता येतं इतकं जवळ. आणि सिटीच्या त्या फायनलनंतर सव्वातीन महिन्यांत, २७ ऑगस्ट २०१९ च्या रात्री, बेरीला इंग्लंडच्या फुटबॉल लीगमधून काढून टाकलं. १८९४ पासून लीगमध्ये असलेला क्लब. सव्वाशे वर्षं.

मला ही गोष्ट लिहायचीच होती कारण आपल्याकडे इंग्लिश फुटबॉल बघणारे भरपूर झालेत, माझ्या भाच्याच्या वर्गात निम्म्या पोरांकडे सिटी नाहीतर लिव्हरपूलची जर्सी आहे, आणि त्या सगळ्यांना असं वाटतं की सिटी पहिल्यापासून तिथेच वर होती आणि बेरीसारखे क्लब पहिल्यापासून खालीच होते. तसं नाहीये. फेब्रुवारी १९९८ मध्ये सिटी आणि बेरी एकाच डिव्हिजनमध्ये होते, दुसऱ्या पायरीवर, आणि बेरीने सिटीला त्यांच्याच मेन रोड मैदानावर १-० हरवलं होतं. सिटीचा एक चाहता चिडून मैदानात उतरला आणि त्याने आपलं सीझन तिकीट फाडून टाकलं. त्या सीझनच्या शेवटी सिटी तिसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरली. म्हणजे हे दोन शेजारी क्लब एकेकाळी एकमेकांना घाबरायचे, आणि वीस वर्षांत एकाकडे अबू धाबीचा पैसा आला आणि दुसऱ्याकडे खेळाडूंचा पगार द्यायला पैसे उरले नाहीत.

बेरीचं नेमकं काय झालं? २०१३ मध्ये एका प्रॉपर्टी डेव्हलपरने क्लब घेतला, स्ट्युअर्ट डे. त्याने वर चढायचं म्हणून कमाईच्या पलीकडे पगार दिले, गिग लेन हे स्टेडियम गहाण पडलं, आणि पार्किंगच्या जागासुद्धा गुंतवणूकदारांना सुट्या सुट्या विकल्या गेल्या. हो, पार्किंगच्या जागा. मग त्याचे स्वतःचे धंदे कोसळायला लागले तेव्हा डिसेंबर २०१८ मध्ये क्लब स्टीव्ह डेल नावाच्या माणसाला विकला, किंमत एक पाउंड. डेलकडे क्लब चालवायचे पैसे आहेत का याचा पुरावा लीगने व्यवहार व्हायच्या आधी घ्यायलाच हवा होता, तो घेतला गेला नाही. हाच डेल नंतर रेडिओवर म्हणाला की बेरी नावाचा फुटबॉल क्लब आहे हेच आपल्याला माहीत नव्हतं. ज्या माणसाला क्लब आहे हे माहीत नाही त्याच्या हातात १८८५ सालचा क्लब एका पाउंडात.

आणि गंमत नाही, चीड येते ती ही की त्याच सीझनमध्ये टीम फार सुंदर खेळली. पगार थकलेले, तरी मॅनेजर रायन लोवच्या पोरांनी एप्रिल २०१९ मध्ये वरच्या डिव्हिजनमध्ये प्रमोशन मिळवलं. मैदानावर जे करायचं असतं ते सगळं त्यांनी केलं. तरी पुढच्या सीझनमध्ये एकही मॅच खेळायला मिळाली नाही, लीगने एकेक करून त्यांच्या मॅचेस थांबवत नेल्या.

शेवटच्या दिवसांची एक गोष्ट सांगते. क्लबच्या एका माजी संचालक बाईंनी स्टेडियमबाहेरच्या पावसाळी पाइपला स्वतःला हातकडीने जखडून घेतलं होतं. आणि २७ तारखेला सकाळी शेकडो लोक झाडू, बादल्या, फडकी घेऊन गिग लेनवर आले, कारण शनिवारी डॉनकास्टरबरोबर मॅच होईल अशी आशा होती आणि स्टेडियम बरेच दिवस बंद असल्याने खुर्च्या धुवायच्या होत्या. संध्याकाळी पाचची डेडलाइन. क्लब विकत घ्यायला जी कंपनी पुढे आली होती तिने हिशेब बघितले आणि डेडलाइनच्या दीडेक तास आधी माघार घेतली. लोक खुर्च्या धूत होते आणि तिकडे क्लब संपला होता.

याच्या आधी लीगमधून असा क्लब गेला होता तो १९९२ मध्ये, मेडस्टोन युनायटेड, ऑगस्ट महिन्यात. आणि त्याच ऑगस्टमध्ये प्रीमियर लीगची, म्हणजे आजच्या सगळ्यात वरच्या डिव्हिजनची, पहिली मॅच झाली. मला हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून द्यायला जमत नाही.

कारण आता खरा मुद्दा. बेरीचा विषय निघाला की आपले फुटबॉलवाले मित्र लगेच म्हणतात, मालक चोर होता, विषय संपला. मालक वाईट होताच, त्यात वादच नाही. पण सिटी किंवा आर्सेनल वाईट मालकाला एका पाउंडात का मिळत नाही? क्लब या अवस्थेला येतोच का? तर पैसे वाटायची पद्धत बदलली म्हणून, आणि ती काही आपोआप बदलली नाही, माणसांनी मीटिंगमध्ये बसून बदलली.

१८८८ मध्ये लीग सुरू झाली तेव्हा बारा क्लब होते, त्यातले सहा वायव्य इंग्लंडमधल्या लँकशरचे, म्हणजे कापडगिरण्यांच्या गावांचे. ब्लॅकबर्न, बर्नली, बोल्टन, प्रेस्टन, अॅक्रिंग्टन आणि लिव्हरपूलमधलं एव्हर्टन. या लीगमध्ये पुढे बरीच वर्षं अशी पद्धत होती की मॅचच्या तिकिटांचे जे पैसे येतील त्यातला हिस्सा पाहुण्या टीमलाही जायचा. म्हणजे मॅन्चेस्टर युनायटेडकडे पन्नास हजार लोक आले तर त्यातलं थोडं छोट्या गावाच्या क्लबलाही मिळायचं. १९८३ मध्ये हे बंद केलं, ज्याचं मैदान त्याचं कलेक्शन. टीव्हीचे पैसे आधी चारही डिव्हिजनच्या ९२ क्लबांत सारखे वाटले जायचे, मग ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मोठ्या क्लबांनी आम्ही वेगळे होऊ अशी धमकी दिली आणि पहिल्या डिव्हिजनने निम्मे पैसे घेतले. आणि तेवढ्यानेही भागलं नाही म्हणून १९९२ मध्ये बावीसच्या बावीस क्लब लीगमधून बाहेर पडले आणि प्रीमियर लीग काढली, स्काय या टीव्ही कंपनीबरोबर पाच वर्षांचा करार केला जो तेव्हा ३०.४ कोटी पाउंडांचा म्हणून गाजला. सगळे पैसे त्यांचे. खालच्यांना जे काही मिळेल ते वरच्यांच्या मर्जीने.

आता आजचे आकडे बघा. प्रीमियर लीगचा फक्त ब्रिटनमधल्या टीव्हीचा करार २०२५-२६ पासून चार वर्षांचा, ६७० कोटी पाउंड. वीस क्लब. त्याखालच्या तीन डिव्हिजनचा मिळून स्कायबरोबरचा करार २०२४-२५ पासून पाच वर्षांचा, ९३.५ कोटी पाउंड. ७२ क्लब. भागाकार करून बघितला तर वरच्या एका क्लबमागे वर्षाला आठ कोटी पाउंडांच्या वर आणि खालच्या एका क्लबमागे सरासरी २६ लाख. बत्तीसपट. आणि खालचे २६ लाखही सारखे वाटले जात नाहीत, त्यातला मोठा भाग चॅम्पियनशिपला म्हणजे दुसऱ्या डिव्हिजनला जातो, चौथ्या डिव्हिजनपर्यंत येईस्तोवर फारच थोडं उरतं. यात प्रीमियर लीगचे परदेशातले पैसे धरलेच नाहीयेत, आणि ते आता ब्रिटनमधल्यापेक्षाही जास्त झालेत. परदेश म्हणजे आपणच की. आपण सबस्क्रिप्शन भरतो, जाहिराती बघतो, त्यातून लंडनला पैसा जातो आणि तो जवळजवळ सगळा त्या वीस जणांतच राहतो.

अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच इंग्लंडमध्ये टीव्हीवर फुटबॉल लाइव्ह दाखवत नाहीत, अनेक दशकांचा नियम आहे, कारण युनायटेडची मॅच घरी बसून दिसली तर बेरी, रॉचडेल, ओल्डहॅमच्या मैदानावर कोण जाणार. म्हणजे त्यांच्या तीन वाजताच्या मॅचेस आपण इथे संध्याकाळी साडेसात-साडेआठला आरामात बघतो आणि मॅन्चेस्टरमधल्या माणसाला त्या लाइव्ह बघता येत नाहीत. छोट्या क्लबांना वाचवायचा इतका साधा, इतका शहाणा नियम एकेकाळी त्याच लोकांनी केला होता. त्यामुळे त्यांना कळत नाही असं म्हणायला जागा नाही.

आता पॅराशूट पेमेंट. प्रीमियर लीगमधून खाली पडलेल्या क्लबला एकदम धक्का बसू नये म्हणून तीन वर्षं पैसे मिळतात, वरच्या प्रत्येक क्लबला टीव्हीचा जो समान वाटा मिळतो त्याच्या पहिल्या वर्षी ५५ टक्के, मग ४५, मग २० (एकाच सीझनमध्ये खाली आला तर दोनच वर्षं). ऐकायला दयाळूपणा वाटतो. पण चॅम्पियनशिपमध्ये त्याच्या शेजारी जो क्लब दहा वर्षं तिथेच खेळतोय त्याला याच्या एक दशांशाच्या आसपास पैसे मिळतात. मग तो काय करणार? बरोबरी करायला मालकाच्या खिशातून नाहीतर कर्जातून पगार देणार. २०१८-१९ मध्ये चॅम्पियनशिपमधल्या सगळ्या क्लबांचे मिळून पगार त्यांच्या एकूण उत्पन्नाच्या १०७ टक्के होते. मी परत लिहिते, शंभर रुपये येतात आणि एकशे सात फक्त पगारात जातात, वीज, गवत, प्रवास, अकादमी सगळं त्याच्यावर. असा एखादा क्लब असता तर मूर्ख म्हटलं असतं, इथे अख्ख्या डिव्हिजनचा हिशेब असा आहे. आणि एवढं करून वर गेलात तरी काय, २०२३-२४ मध्ये वर गेलेले तिन्ही क्लब, लूटन, बर्नली, शेफील्ड युनायटेड, त्याच वर्षी खाली आले. पुढच्या वर्षी लेस्टर, इप्सविच, साउथहॅम्प्टन, परत तिन्ही खाली. लूटन तर सलग दुसऱ्या वर्षी घसरून तिसऱ्या डिव्हिजनमध्ये गेलं.

आणि इथे आपला, म्हणजे पुणेकरांचा संबंध येतो. ब्लॅकबर्न रोव्हर्स.

नोव्हेंबर २०१० मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीज, म्हणजे आपले व्हेंकीज, यांनी ब्लॅकबर्न २.३ कोटी पाउंडांना विकत घेतलं, कर्ज वेगळं. पुण्यात तेव्हा किती कौतुक होतं. पुण्याची कंपनी प्रीमियर लीगचा क्लब घेते! ऑक्टोबर २०११ मध्ये टीम पुण्यात येऊन बालेवाडीला पुणे एफसीबरोबर मैत्रीपूर्ण सामनाही खेळून गेली, खेळाडूंनी चिकनची जाहिरातही केली. पण तिकडे ब्लॅकबर्नमध्ये सगळं बिघडत चाललं होतं. आल्या आल्या महिन्याभरात मॅनेजर सॅम अॅलरडाइसला काढलं, टीम तेव्हा तेराव्या नंबरवर व्यवस्थित होती. २०१२ मध्ये क्लब खाली गेला. त्या दिवशी विगनबरोबरच्या मॅचमध्ये चाहत्यांनी ब्लॅकबर्नच्या झेंड्यात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली होती, तो फोटो जगभर फिरला. पुढच्या एका सीझनमध्ये मॅनेजरमागून मॅनेजर, हेनिंग बर्ग तर ५७ दिवस टिकला. २०१७ मध्ये तिसऱ्या डिव्हिजनमध्ये. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिसऱ्या डिव्हिजनमध्ये जायची ती पहिली वेळ.

आता कोणी म्हणेल की ब्लॅकबर्ननेही १९९५ ची प्रीमियर लीग पैशावरच जिंकली होती. खरंय. जॅक वॉकरने स्टीलचा धंदा विकून क्लबमध्ये पैसा ओतला, स्ट्रायकर अॅलन शिअररला १९९२ मध्ये तीस लाखांहून जास्त पाउंडांना आणलं, तो तेव्हा ब्रिटिश विक्रम होता, आणि शेवटच्या दिवशी लिव्हरपूलकडे हरूनही ते चॅम्पियन झाले कारण युनायटेडला वेस्ट हॅमकडे बरोबरी झाली. पण दोन गोष्टी. एक म्हणजे वॉकर ब्लॅकबर्नचाच माणूस होता, लहानपणापासूनचा चाहता. दुसरी म्हणजे तेव्हा एक स्थानिक कारखानदार स्वतःच्या पैशावर लीग जिंकवून देऊ शकत होता. आज ते शक्य आहे का? आज देश लागतो नाहीतर अमेरिकन फंड लागतो.

व्हेंकीजबद्दल मला न्यायाने बोलायचंय. सुरुवातीच्या वर्षांत त्यांचे निर्णय फार वाईट होते आणि चाहत्यांशी ते कधी नीट बोललेच नाहीत, मालक वर्षानुवर्षं ब्लॅकबर्नच्या ईवूड पार्क मैदानावर फिरकले नाहीत, हे मला अक्षम्य वाटतं. एवढ्या लांबच्या गावातली माणसं आपल्या नावाने ओरडतायत आणि आपण पुण्यात गप्प. पण त्याच लोकांनी दोनशे मिलियन म्हणजे वीस कोटी पाउंडांच्या वर पैसे क्लबमध्ये घातलेत हेही खरं आहे, आणि ते घातले नसते तर ब्लॅकबर्नचं बेरी झालं असतं. मला त्रास याच गोष्टीचा होतो. दीडशे वर्षांचा क्लब, लीगच्या संस्थापकांपैकी एक, सहा वेळा एफए कप जिंकलेला, आणि तो दर वर्षी पुण्यातल्या एका कुटुंबाने पैसे पाठवले तर चालणार नाहीतर नाही.

आणि मग ते पाठवणंही अडकलं. भारतात चौकशी सुरू झाली, प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं, आणि २०२३ पासून इंग्लंडला पैसे पाठवायला कोर्टाची परवानगी लागायला लागली. दिल्लीत तारीख पडणार आणि लँकशरमध्ये बजेट हलणार. परिणाम लगेच दिसला. अॅडम व्हार्टन, ब्लॅकबर्नचाच पोरगा, सहाव्या वर्षापासून अकादमीत वाढलेला, अप्रतिम मिडफिल्डर, फेब्रुवारी २०२४ मध्ये क्रिस्टल पॅलेसला विकला, साधारण १.८ कोटी पाउंड आणि वर काही. चारपाच महिन्यांत तो इंग्लंडच्या युरो टीममध्ये होता. त्याच सीझनमध्ये सॅमी स्मॉडिक्सने लीगमध्ये २७ गोल मारले, चॅम्पियनशिपमध्ये सगळ्यात जास्त, उन्हाळ्यात तोही इप्सविचला गेला. आणि यानंतरही, हे ऐका, २०२४-२५ मध्ये ब्लॅकबर्न सातव्या नंबरवर आलं. वर जायच्या शेवटच्या जागेसाठीचं प्लेऑफ तेव्हा सहाव्या नंबरपर्यंतच मिळायचं. त्याआधी २०२२-२३ मध्येही सातवं, तेही सारखे पॉइंट्स असून गोलफरकाने. दोन चांगली पोरं ठेवता आली असती तर? हा प्रश्न तिकडचे लोक रोज विचारत असतील. आणि २०२५ मध्ये महिला टीमसाठी दुसऱ्या डिव्हिजनच्या अटींप्रमाणे खर्च करायची क्लबची तयारी नाही म्हणून ती टीम खालच्या पायरीवर गेली. त्या मुलींनी मैदानावर काहीही गमावलं नव्हतं.

आपल्याकडे पश्चिम महाराष्ट्रात एखाद्या तालुक्याचं जसं साखर कारखान्यावर सगळं असतं, कारखाना बंद पडला की नुसता पगार नाही तर तालुक्याची ओळखच जाते, तसं या गावांचं क्लबबरोबर आहे. गिरण्या केव्हाच गेल्या. क्लब तेवढा राहिला होता.

बेरीचं पुढे काय झालं ते सांगते कारण ते कमी लोकांना माहितीये. चाहत्यांनी त्याच वर्षी नवा क्लब काढला, शेजारच्या गावात मैदान घेऊन खेळत राहिले. २०२२ मध्ये चाहत्यांच्या गटाने सरकारी निधी आणि देणग्या जमवून गिग लेन परत मिळवलं. मधे दोन गटांत भांडणं झाली, पहिल्यांदा एकत्र यायचं मतदान फसलं, मग २०२३ मध्ये जमलं, आणि बेरी एफसी नाव परत मैदानावर आलं, नवव्या पायरीवर. नवव्या! तिथे बाकीच्या क्लबांना दोन-चारशे माणसं यायची, बेरीला तीन हजारांवर यायची. २०२५ मध्ये ती लीग जिंकून ते आठव्या पायरीवर गेले. याच गिग लेनवर आधी एफसी युनायटेड ऑफ मॅन्चेस्टर पण खेळायचं, म्हणजे ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये मॅन्चेस्टर युनायटेड कर्जावर विकत घेतलं त्याच्या रागाने चाहत्यांनी काढलेला क्लब. तेव्हा पैशाला कंटाळलेल्यांना जागा बेरीनेच दिली होती.

सरकारला जाग यायला मात्र बेरी पुरलं नाही. एप्रिल २०२१ मध्ये इंग्लंडचे सहा मोठे क्लब युरोपातल्या बड्या क्लबांच्या वेगळ्या सुपर लीगमध्ये जायला निघाले, दोन दिवसांत लोकांच्या संतापाने ते कोसळलं, तेव्हा कुठे माजी क्रीडामंत्री ट्रेसी क्राउच यांची चौकशी वेगाने झाली आणि स्वतंत्र नियामकाची शिफारस आली. कायदा व्हायला जुलै २०२५ उजाडलं. आता वरच्या पाच पायऱ्यांवरच्या प्रत्येक क्लबला लायसन्स लागेल, मालकाला पैसे कुठून येणार ते दाखवावं लागेल, आणि प्रीमियर लीग आणि खालची लीग यांचं पैशाच्या वाटणीवर जमलंच नाही तर शेवटी नियामक निर्णय देऊ शकेल, पॅराशूट पेमेंटसकट. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आहे. खालच्या लीगचे अध्यक्ष रिक पॅरी कधीपासून म्हणतायत की टीव्हीचे सगळे पैसे एकत्र करा, त्यातले २५ टक्के आम्हाला द्या आणि पॅराशूट बंद करा. मला ही मागणी अजिबात जास्त वाटत नाही. प्रीमियर लीगच्या क्लबांनी मात्र २०२४ मध्ये खालच्या लीगला द्यायची स्वतःचीच ९० कोटी पाउंडांची ऑफर पण थांबवून ठेवली, आपसात एकमत नाही म्हणून.

त्यामुळे नियामकाने नुसते मालकांचे कागद तपासून थांबू नये असं मला फार वाटतं. चांगला मालकही शंभर रुपयांत एकशे सातचा पगार देऊन क्लब चालवू शकत नाही. आणि व्हेंकीजना एवढंच सांगणं आहे, तुम्ही आमच्या गावचे आहात म्हणून हक्काने लिहितेय, विकायचं असेल तर चांगला माणूस बघून विका, ठेवायचं असेल तर एकदा ईवूडला जा, लोकांसमोर बसा आणि पुढच्या पाच वर्षांचं काय ते तोंडाने सांगा.